हृदय आणि रक्तातील साखर सांभाळून चहा-कॉफी कशी घ्यावी

रक्ततपासणीच्या अहवालात उपाशीपोटीची साखर किंवा एलडीएल (रक्तवाहिन्यांत साचणारे 'वाईट') कोलेस्टेरॉल मर्यादेच्या वर दिसले, की आपल्याकडे पहिली कुऱ्हाड कोसळते ती चहावर. कोणी चहा बंद करण्याचे फर्मान काढते, कोणी साखरेऐवजी गूळ घालू लागते, कोणी ग्रीन टीचा डबा घेऊन येते. आणि महिना उलटायच्या आत बहुतेक घरांत पूर्वीचाच चहा, पूर्वीइतक्याच साखरेचा, पुन्हा उकळू लागतो. हे सगळे उपाय फसतात, कारण कपातल्या कोणत्या गोष्टीमुळे काय होते हे न पाहताच ते केलेले असतात. आजवरचा पुरावा पाहिला तर निरोगी प्रौढ माणसाच्या हृदयाला बेताच्या प्रमाणातली चहाची पत्ती किंवा कॉफीची बी घातक ठरते असे म्हणता येत नाही. आपल्या कपात खरी काळजी करण्यासारखी गोष्ट आहे ती साखर. त्याखालोखाल तो कप आपण कोणत्या वेळी घेतो आणि त्यासोबत काय खातो, याला महत्त्व आहे. म्हणून चहा-कॉफी सोडायची की ठेवायची हे ठरवण्याआधी आपला कप नीट तपासावा, आणि तो कसा तपासावा हेच या लेखात सविस्तर सांगितले आहे.

हा विषय आपल्यासाठी किती जवळचा आहे, हे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीवरून कळते. तिच्या अंदाजानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत, आणि प्रौढांपैकी ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आहे. मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले. ज्या घरात दिवसातून चार-पाच वेळा चहा होतो, तिथे त्या चहात काय पडते याचा हिशेब ठेवणे ही किरकोळ बाब उरत नाही.

संशोधन कोणत्या कपाबद्दल बोलते

कॉफी आणि हृदयविकार यांच्या संबंधावर २०१४ साली ३६ अभ्यासांचे एक एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात १२ लाख ७० हजारांहून अधिक लोकांची माहिती होती, आणि दिवसाला ३ ते ५ कप कॉफी घेणाऱ्यांमध्ये हृदयविकार व पक्षाघाताचा धोका सर्वांत कमी दिसला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या विश्लेषणात, जसजसे कप वाढत गेले तसतसे दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे प्रमाण कमी होत गेल्याचे आढळले, आणि विशेष म्हणजे कॅफिन काढून टाकलेल्या कॉफीच्या बाबतीतही असेच दिसले. त्यामुळे हा संबंध असलाच, तर तो केवळ कॅफिनचा नसून क्लोरोजेनिक आम्लासारख्या बीमधल्या इतर घटकांचाही असावा, असे अभ्यासक मानतात. चहाबाबत ब्रिटनमधील सुमारे ५ लाख लोकांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. दिवसाला दोन किंवा अधिक कप काळा चहा घेणाऱ्यांचे त्या काळातील मृत्यूचे प्रमाण, चहा न घेणाऱ्यांच्या तुलनेत ९ ते १३ टक्क्यांनी कमी होते.

हे आकडे वाचून हुरूप येतो, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली गोष्ट अशी की, हे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत. लोक काय पितात आणि पुढे त्यांचे काय होते, एवढेच त्यांत पाहिलेले असते; कॉफी पिणारी माणसे इतर बाबतींतही वेगळी असू शकतात आणि आजारी माणसे कॉफी आधीच सोडून बसलेली असू शकतात. त्यामुळे ज्याला कॉफीची सवय नाही त्याने ती औषध म्हणून सुरू करावी, असा अर्थ यातून काढणे मला योग्य वाटत नाही. दुसरी गोष्ट आपल्यासाठी अधिक महत्त्वाची आहे. ब्रिटनमधला कप म्हणजे गरम पाण्यात काही मिनिटे ठेवलेली पत्ती आणि वरून चमचा-दोन चमचे दूध, तर आपला चहा म्हणजे आधणातच साखर, मग पत्ती, मग निम्मे किंवा त्याहूनही अधिक दूध घालून चांगली उकळी आणलेले पेय. त्या कपाचे निष्कर्ष या कपाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. चहाला दोष देऊ नये हे जितके खरे, तितकेच चहा हृदयाला चांगला असतो असे म्हणत दोन चमचे साखरेचा सहावा कप घेऊ नये, हेही खरे.

साखरेचा डबा वेगळा काढा

आपण चहात किती साखर घालतो असे विचारले, तर "फार नाही, एक चमचा" हे उत्तर बहुतेक वेळा मिळते. हा चमचा सपाट असतो की शिगोशीग भरलेला, चहाचा असतो की पोह्याचा, आणि पातेल्यात साखर डब्यातून सरळ ओतली जाते का, याकडे कोणाचे लक्ष नसते. म्हणून अंदाज बाजूला ठेवून पुढीलप्रमाणे मोजमाप करावे.

एका रिकाम्या डब्यात बरोबर अर्धा किलो साखर भरावी, झाकणावर तारीख लिहावी आणि हा डबा फक्त चहा-कॉफीसाठी वापरावा. शिरा, सरबत, कोशिंबीर यांची साखर नेहमीच्या डब्यातून घ्यावी. डबा संपला की किती दिवस पुरला ते पाहावे, आणि ५०० ग्रॅमला दिवसांनी व माणसांनी भागावे. समजा चार माणसांच्या घरात डबा पाच दिवसांत संपला, तर दिवसाला १०० ग्रॅम, म्हणजे माणशी २५ ग्रॅम साखर निव्वळ चहातून पोटात गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार, वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे सुमारे २५ ग्रॅमच्या आत ठेवता आली तर अधिक चांगले. याचा अर्थ या घरातील प्रत्येकाची ती आदर्श मर्यादा बिस्किट, जॅम, मिठाई किंवा सरबत यांचा हिशेब धरण्याआधीच संपलेली आहे. घराबाहेर घेतलेला चहा या डब्यात मोजला जात नाही, हेही विसरू नये. जो माणूस दिवसाला दोन-दोन चमच्यांचे पाच कप घेतो, त्याच्या पोटात सुमारे ५० ग्रॅम साखर आणि त्यातून २०० कॅलरी जातात, आणि त्या मोबदल्यात पोट भरल्याची जाणीवही होत नाही.

ही साखर नेमके काय करते? साखरेच्या रेणूत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मे निम्मे असते. ग्लुकोजमुळे रक्तातील साखर लगेच वर चढते आणि स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडावे लागते. फ्रुक्टोजचा बहुतांश भार यकृतावर पडतो आणि ते जास्त झाले की यकृत त्याचे चरबीत रूपांतर करते. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढणे, यकृतावर चरबी साचणे आणि पोटाचा घेर वाढणे यांच्यामागे हे एक कारण असते. साखरेच्या पेयाच्या बाबतीत हे सगळे अधिक वेगाने घडते, कारण द्रवातली साखर अडवून धरायला सोबत तंतू नसतात. दिवसातून पाच वेळा चहा म्हणजे शरीराला पाच वेळा हा झटका, आणि तोही बहुधा दोन जेवणांच्या मधल्या, खरे तर इन्सुलिनला विसावा मिळायला हवा अशा वेळी.

गुळाच्या चहाबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे, कारण शहरांत गल्लोगल्ली त्याच्या पाट्या लागल्या आहेत आणि मधुमेह असलेली माणसेही तो निःशंक मनाने पितात. गूळ हा बहुतांशी साखरच असतो. त्यातली खनिजे अल्प प्रमाणात असतात, आणि त्यातले जे थोडे लोह असते त्याचे शोषण चहातले टॅनिन हे तुरट द्रव्य रोखून धरते. चवीसाठी गूळ आवडत असेल तर जरूर घालावा, पण डब्याच्या हिशेबात तो साखरेइतकाच धरावा. मध, खडीसाखर आणि ब्राउन शुगर यांनाही हाच नियम लावावा.

साखर कमी करण्याची माझ्या मते सर्वांत टिकणारी पद्धत म्हणजे ती पातेल्यातून कपात आणणे. चहा बिनसाखरेचाच उकळावा, गाळावा, आणि मग ज्याच्या त्याच्या कपात सपाट चमच्याने साखर घालावी. आजोबांना मधुमेह आहे म्हणून त्यांचा चहा वेगळा करण्याची गरज मग उरत नाही, आणि पाहुण्यांनाही आपल्या आवडीइतकीच साखर मिळते. यानंतर दर आठवड्याला कपामागे पाव चमचा कमी करावा. एकदम निम्मी साखर केली तर चहा बेचव लागतो आणि माणूस मागे फिरतो. हळूहळू कमी केली तर जीभ नव्या गोडीला सरावते, आणि दीड-दोन महिन्यांनी जुना चहा काकवीसारखा गोड वाटू लागतो. आले, वेलची, गवती चहा यांमुळे चहाला जी भरीव चव येते, तिची या काळात फार मदत होते. साखरेऐवजी गोडीच्या गोळ्यांवर कायमचे विसंबून राहणे मात्र टाळावे. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा पदार्थांचा वापर करू नये, अशी शिफारस केली. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ही शिफारस लागू नाही. त्यांनी आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे.

कचेरीतल्या यंत्राचा चहा ही वेगळी अडचण आहे, कारण त्यातली भुकटी अनेकदा साखरेसकटच येते आणि तिथे चमचा आपल्या हातात नसतो. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. साखर पहिल्या किंवा दुसऱ्या क्रमांकावर दिसली, तर त्या यंत्रातून फक्त गरम पाणी घ्यावे आणि पत्तीची पुडी जवळ बाळगावी. टपरीवरचा कटिंग लहान असला तरी त्याची गोडी लहान नसते. चहावाल्याला "बिनसाखरेचा" म्हणून सांगितले तर आता बहुतेक ठिकाणी तो मिळतो, निदान नवे आधण ठेवताना तरी मिळतोच.

दूध आणि सोबतचे खाणे

दुधाचा विचार साखरेनंतर करावा. म्हशीच्या दुधात साधारण ६ ते ७ टक्के चरबी असते आणि तिच्यातला निम्म्याहून अधिक भाग संपृक्त चरबीचा असतो, जी एलडीएल वाढवते. कपाला ६० मिलिलिटर धरले तर चार कपांतून सुमारे १५ ग्रॅम चरबी पोटात जाते. एलडीएल वाढलेले असेल तर ३ टक्के चरबीचे टोन्ड किंवा दीड टक्क्याचे डबल टोन्ड दूध वापरणे हा सोपा बदल आहे. बर्लिनमध्ये २००७ साली १६ स्त्रियांवर केलेल्या एका प्रयोगात, कोऱ्या चहाने रक्तवाहिन्यांची प्रसरण पावण्याची क्षमता सुधारली, पण त्याच चहात दूध घालताच तो फायदा दिसेनासा झाला. हा प्रयोग फार लहान होता, आणि दुधामुळे चहातले सगळे गुण नाहीसे होतात असे त्यावरून ठामपणे म्हणता येणार नाही. तरीही दिवसातला एखादा कप कोरा, लिंबू पिळून घ्यायला हरकत नाही.

सोबतच्या खाण्याबद्दल थोडक्यात सांगतो. चहात बुडवलेल्या खारीचे पदर मैद्याचे आणि वनस्पती तुपाचे असतात. टोस्ट आणि नानकटाई यांचेही तेच. भारतात जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातल्या ट्रान्स चरबीवर (तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या, हृदयाला घातक चरबीवर) २ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे पूर्वीचा धोका कमी झाला असला, तरी मैदा, मीठ आणि संपृक्त चरबी तिथेच आहेत. संध्याकाळच्या चहाबरोबर भूक लागत असेल तर फुटाणे, शेंगदाणे किंवा उकडलेली मक्याची कणसे घ्यावीत.

कॅफिन आणि रक्तदाब

चहा-कॉफीने तरतरी येते ती कॅफिनमुळे. दिवसभराच्या श्रमाने मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि त्यामुळे मरगळ येते. कॅफिन त्या द्रव्याच्या जागा अडवून बसते. त्याच वेळी ॲड्रेनलिन वाढते, रक्तवाहिन्या थोड्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब काही काळ वर जातो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ सालच्या आहार मार्गदर्शिकेनुसार, १५० मिलिलिटरच्या एका कपात गाळलेल्या कॉफीतून ८० ते १२० मिलिग्रॅम, इन्स्टंट कॉफीतून ५० ते ६५ मिलिग्रॅम आणि चहातून ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन मिळते, आणि दिवसभराचे कॅफिन ३०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये. युरोपातील अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली निरोगी प्रौढांसाठी ४०० मिलिग्रॅमपर्यंतची, तर गरोदर स्त्रियांसाठी २०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. आपण ३०० हा आकडा पाळावा, कारण आपल्याकडे उच्च रक्तदाब मोठ्या प्रमाणावर आहे आणि अनेकांना तो असल्याचा पत्ताही नसतो. हिशेब करताना कॉफीच्या पुडीवर चिकोरीचे (कॉफीत मिसळल्या जाणाऱ्या भाजलेल्या मुळाच्या पुडीचे) प्रमाण पाहावे, कारण चिकोरीत कॅफिन नसते. कोला आणि एनर्जी ड्रिंक यांतले कॅफिन मात्र याच हिशेबात धरावे.

उच्च रक्तदाब असलेल्यांना २०० ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन एकाच वेळी दिले असता, पहिल्या तासात वरचा रक्तदाब सरासरी ८ अंकांनी आणि खालचा सुमारे ६ अंकांनी वाढतो आणि तीन तास किंवा अधिक काळ तो तसा राहू शकतो, असे २०११ सालच्या एका विश्लेषणात आढळले. नियमित पिणाऱ्यांच्या शरीराला याची बरीच सवय होते, पण प्रत्येकाची नाही. आपण अशी सवय न होणाऱ्यांत आहोत का, हे घरच्या घरी पाहता येते. सकाळी चहा-कॉफीच्या आधी पाच मिनिटे स्वस्थ बसावे. पाठ टेकलेली, पावले जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही, बाही वर सरकवून पट्टा उघड्या दंडावर, आणि हात टेबलावर छातीच्या उंचीला असा ठेवून, न बोलता, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा रक्तदाब मोजावा व सरासरी लिहून ठेवावी. मग नेहमीचा कप घ्यावा आणि अर्ध्या तासाने, एक तासाने व दोन तासांनी याच रीतीने पुन्हा मोजावे. मधल्या वेळात जिने चढणे, धूम्रपान किंवा फोनवरची वादावादी टाळावी, नाहीतर आकडा कशाचा हे कळणार नाही. वेगवेगळ्या दिवशी केलेल्या तीन-चार मोजण्यांत प्रत्येक वेळी ५ ते १० अंकांची वाढ दिसली, तर आपले शरीर कॅफिनला संवेदनशील आहे असे समजून कप लहान करावा, कॉफीऐवजी चहा घ्यावा आणि व्यायामाच्या किंवा जड कामाच्या लगेच आधी कॅफिन टाळावे. ही नोंदवही डॉक्टरांना दाखवावी. तोंडी सांगण्यापेक्षा तिचा उपयोग कितीतरी अधिक होतो.

ज्यांचा रक्तदाब १६०/१०० किंवा त्याहून अधिक आहे, त्यांनी या बाबतीत प्रयोग करत बसू नये. जपानमधील १८ हजारांहून अधिक लोकांच्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, इतका रक्तदाब असून दिवसाला दोन किंवा अधिक कप कॉफी घेणाऱ्यांमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका, कॉफी न घेणाऱ्यांच्या दुप्पट आढळला. ग्रीन टीच्या बाबतीत मात्र असा वाढीव धोका दिसला नाही. रक्तदाब औषधाने ताब्यात येईपर्यंत कॉफी थांबवावी, असे या आकड्यांवरून मला वाटते.

छातीत धडधड होणाऱ्यांना सर्रास कॉफी बंद करायला सांगितले जाते. यावर २०२३ साली अमेरिकेत १०० निरोगी प्रौढांवर एक काटेकोर चाचणी झाली. तिच्यात कॉफीच्या दिवशी हृदयाच्या वरच्या कप्प्यांतले अवेळी ठोके लक्षणीय वाढले नाहीत, खालच्या कप्प्यांतले मात्र काहीसे वाढले, आणि झोप सरासरी ३६ मिनिटांनी घटली. एट्रियल फिब्रिलेशन हा ठोक्यांचा विकार असलेल्या २०० रुग्णांची चाचणी २०२५ साली प्रसिद्ध झाली. विजेच्या धक्क्याने ठोके पूर्ववत केल्यानंतर सहा महिन्यांत, रोज किमान एक कप कॉफी घेणाऱ्या गटातील ४७ टक्क्यांना आणि कॉफी सोडलेल्या गटातील ६४ टक्क्यांना तो विकार पुन्हा झाला. म्हणजे भीती वाटत होती तसे घडले नाही. तरीही ज्याला कप घेतल्यावर स्वतःला धडधड जाणवते, त्याने आपल्या शरीराचे ऐकावे आणि ईसीजी काढून घ्यावा.

कॉफी गाळण्याची रीत

कॉफीच्या बीतील तेलात कॅफेस्टॉल आणि काहवेओल नावाची द्रव्ये असतात, आणि ती यकृताच्या कोलेस्टेरॉल हाताळण्याच्या कामात अडथळा आणून एलडीएल वाढवतात. कागदी गाळणीत हे तेल जवळजवळ सगळे अडकते; धातूच्या बारीक छिद्रांतून किंवा दाबून काढण्याच्या फ्रेंच प्रेसमधून त्याचा बराचसा भाग कपात उतरतो; आणि पूड तशीच उकळून न गाळता घेतलेल्या कॉफीत ते सर्वाधिक असते. इन्स्टंट कॉफीत ते नगण्य असते. नॉर्वेत ५ लाखांहून अधिक लोकांचा सुमारे २० वर्षे मागोवा घेणाऱ्या, २०२० सालच्या अभ्यासात, कागदातून गाळलेली कॉफी पिणाऱ्यांचे मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी होते. ज्यांचे एलडीएल वाढलेले आहे आणि जे रोज दोन-तीन पेले फिल्टर कॉफी घेतात, त्यांनी फिल्टरच्या वरच्या भांड्यात तळाशी कागदी गाळणीचा गोल तुकडा कापून बसवावा. काढा उतरायला थोडा अधिक वेळ लागतो, चवीत किंचित फरक पडतो. तीन महिन्यांनी लिपिड (कोलेस्टेरॉलची) तपासणी करून पाहावी.

वेळेचे भान

राष्ट्रीय पोषण संस्था जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळण्यास सांगते. याचे कारण लोह. डाळी, पालेभाज्या, नाचणी यांतले लोह चहातल्या टॅनिनशी बांधले जाते आणि शोषले जात नाही. देशातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसून आले, आणि रक्तक्षय वाढला की तीच कामे करायला हृदयाला अधिक जोराने धडधडावे लागते. जेवण उरकताच, भांडी आवरताना उभ्या-उभ्या घेतला जाणारा चहा म्हणूनच सर्वांत नुकसानीचा आहे, आणि तो बहुधा घरातल्या बाईचाच असतो. तिला निवांत, तासाभराने, बसून चहा घेता यावा याची काळजी घरातल्या सगळ्यांनी घ्यायला हवी.

कॅफिनचे शरीरातले प्रमाण निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाच्या कॉफीतले निम्मे कॅफिन रात्री अकराला रक्तात असतेच. अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो, भूक वाढते आणि मग पुन्हा कॉफी लागते; हे चक्र तोडायचे असेल तर दुपारी दोननंतर कॉफी आणि चारनंतर कडक चहा नको. अमेरिकेतील ४० हजारांहून अधिक प्रौढांच्या २०२५ सालच्या अभ्यासात कॉफीशी जोडलेला फायदा प्रामुख्याने सकाळी पिणाऱ्यांतच दिसला, दिवसभर पीत राहणाऱ्यांत नाही.

उपाशीपोटी कडक कॉफी घेऊन लगेच नाश्ता करण्याची सवय मधुमेहींनी तपासून पाहावी. कॅफिनमुळे काही तास इन्सुलिनचा प्रभाव कमी होऊ शकतो, हे प्रयोगांत दिसले आहे. घरी ग्लुकोमीटर असेल तर एका दिवशी कॉफीनंतर नाश्ता आणि दुसऱ्या दिवशी तोच नाश्ता आधी, कॉफी तासाभराने, असे करून दोन्ही दिवशी नाश्त्यानंतर दोन तासांनी साखर मोजावी. आपल्या शरीराचे उत्तर त्या दोन आकड्यांत मिळते.

औषधे, तपासण्या आणि कमी करण्याची रीत

थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन गोळी कॉफीबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाही. ती साध्या पाण्याबरोबर घेऊन किमान अर्धा तास, शक्य तर तासभर थांबावे. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक चालू असताना कॅफिन शरीरातून हळू बाहेर पडते, म्हणून तेवढे दिवस कप कमी करावेत. उपाशीपोटीच्या रक्ततपासणीआधी कोरा, बिनसाखरेचा चहाही घेऊ नये, आणि दवाखान्यात रक्तदाब मोजण्याआधी अर्धा तास कॅफिन टाळावे. गरोदरपणात कॅफिन शरीरात खूप अधिक काळ राहते, त्यामुळे दोन लहान कपांपुढे जाऊ नये. "हर्बल" म्हणून मिळणाऱ्या चहात किंवा घरच्या काढ्यात ज्येष्ठमध आहे का हे रक्तदाबाच्या रुग्णांनी आवर्जून पाहावे. रोज आणि भरपूर घेतल्यास त्याने पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो, आणि औषधे बदलूनही दाब उतरत नसेल तर डॉक्टरांना या काढ्याविषयी सांगायला हवे.

कप कमी करायचे ठरले तर एकदम बंद करू नयेत. अचानक सोडल्यास १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते, चिडचिड व मरगळ येते, आणि हा त्रास दोन ते नऊ दिवस टिकू शकतो. दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करावा, किंवा कप तेवढेच ठेवून पत्ती व पूड कमी घालावी. आधी संध्याकाळचा कप काढावा, सकाळचा शेवटी. त्या रिकाम्या वेळेला गवती चहा, आले आणि पुदिना उकळून बिनसाखरेचा काढा ठेवला तर हातात गरम कप असण्याची सवय मोडावी लागत नाही. छातीत दुखणे, दम लागणे, चक्कर येऊन पडणे किंवा विश्रांती घेऊनही न थांबणारी धडधड ही लक्षणे चहा-कॉफीच्या माथी मारून घरी बसू नये. त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, आणि छातीतले दुखणे हात, जबडा किंवा पाठीकडे पसरत असेल तर वेळ न दवडता १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.